हमिंगबर्डच्या फीडरवरचे आगंतुक पाहुणे

गेल्या जूनमध्ये आई साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत, टेक्ससमधल्या ऑस्टिनला आली, तेव्हा मागच्या अंगणातल्या हमिंगबर्ड फीडरची, म्हणजे या चिमुकल्या पक्ष्यांसाठी साखरपाणी भरून टांगलेल्या भांड्याची, पार दुर्दशा झाली होती. लाल झाकणावर मुंग्यांची काळी रांग, भोकांतून त्यांची आत-बाहेर ये-जा आणि आत साखरपाण्यावर तरंगणाऱ्या पंचवीस-तीस मेलेल्या. पक्षी यायचा, फूटभर अंतरावर हवेत थबकायचा आणि तोंडही न फिरवता तसाच मागच्या मागे उडून निघून जायचा. मी मुंग्या मारायची पावडर आणायला निघाले होते. आई चहा पिता पिता हा प्रकार बघत होती. म्हणाली, "अगं, आजीच्या दुधाच्या कपाटाचे पाय कशात असायचे?"

पाण्याच्या वाट्यांत! ते जाळीचं कपाट, त्याच्या चार पायांखालच्या चार पितळी वाट्या आणि त्यात पाणी घालायचं काम आम्हा मुलांकडे. एक दिवस विसरलं की दुसऱ्या दिवशी सायीला मुंग्या लागलेल्या. गुळाचा डबासुद्धा परातीत पाणी घालून त्यात ठेवलेला असायचा. इथे अमेरिकेत तीच युक्ती प्लास्टिकच्या लाल पेल्याच्या रूपात काही डॉलरला विकत मिळते. तिला 'अँट मोट' म्हणतात, मुंग्यांसाठीचा खंदक. आईनं तेवढेही खर्चू दिले नाहीत. स्प्रे कॅनचं एक रिकामं झाकण घेतलं, त्याच्या तळाला भोक पाडून दोन्हीकडे आकडा असलेली तार आरपार ओवली, भोक गोंदानं बुजवलं, झाकणात पाणी भरलं आणि फीडर त्याच्या खाली टांगला. त्या संध्याकाळी मुंग्या काठापर्यंत येऊन गोल गोल फिरून परत जात होत्या.

तेव्हापासून मी या प्रकरणात जरा खोलवर शिरले. मुंग्यांनंतर मधमाश्या आल्या, मग गांधीलमाश्या, मग एके रात्री रकून हा इथला मांजरापेक्षा मोठा, रात्री फिरणारा प्राणी. प्रत्येक वेळी औषध मारायचा मोह झाला आणि प्रत्येक वेळी असं दिसलं की मुळात फीडरच चुकीचा आहे, चुकीचा लावलाय किंवा चुकीचा भरलाय.

फुलानं हे कोडं आधीच सोडवलंय

ज्यांनी हा पक्षी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच सापडतात. उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेच्या टोकाला टिएरा देल फ्यूगोपर्यंत त्यांच्या 350 हून जास्त जाती आहेत. पुण्या-मुंबईकडून लोक मला जास्वंदीवरच्या चिमुकल्या पक्ष्याचे फोटो पाठवतात आणि 'आमच्याकडेही हमिंगबर्ड आला' म्हणतात. तो शिंजीर असतो, सूर्यपक्षी. कुळ वेगळं, सवयी वेगळ्या. शिंजीर शक्यतो बसून मध पितो. आमच्या अंगणात दोन जाती येतात. एक लाल गळ्याचा रूबी-थ्रोटेड आणि दुसरा काळ्या हनुवटीचा ब्लॅक-चिन्ड. वजन तीनेक ग्रॅम, म्हणजे इथल्या एका सेंटच्या नाण्याहून किंचितच जास्त. पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात, त्यामुळे भूक सतत जागी. आणि रूबी-थ्रोटेडमधले बरेचसे स्थलांतराच्या वेळी मेक्सिकोचं आखात, सुमारे 800 किलोमीटर, न थांबता पार करतात. त्याआधी अंगावर चरबी चढवायची म्हणून ते फीडरवर अक्षरशः तुटून पडतात.

आता ज्या फुलांवर हा पक्षी येतो ती फुलं नीट बघा. टेक्ससमध्ये टर्क्स कॅप नावाचं झुडूप सगळीकडे लावतात. जास्वंदीच्याच कुळातलं आहे आणि फूल कधीच पुरतं न उमलणाऱ्या जास्वंदीसारखं, पाकळ्या मिटून घेतलेली लालभडक गुंडाळी. मध तळाशी. बसायला जागा नाही. लाल रंग पक्ष्याला ठसठशीत दिसतो; मधमाशीला तो धड दिसत नाही, कारण तिचे डोळे अतिनील, निळा आणि हिरवा या पट्ट्यांत काम करतात. मधही पातळ. हमिंगबर्डच्या फुलांत साखरेचं प्रमाण साधारण 20 ते 25 टक्क्यांच्या घरात असतं आणि मधमाशीला त्याहून बरंच दाट आवडतं. सगळी मांडणी अशी, की लांब जिभेच्या आणि हवेत तरंगू शकणाऱ्या पाहुण्यालाच जेवण मिळावं.

आणि आपण दुकानातून काय आणतो? पिवळीधमक प्लास्टिकची फुलं लावलेली, उथळ, गळकी बाटली. ती भर उन्हात टांगतो आणि प्रेमानं त्यात दोन चमचे साखर जास्त घालतो. म्हणजे फुलानं लावलेली सगळी कुलपं आपण एकेक करून उघडतो आणि मग म्हणतो, मधमाश्या फार झाल्या.

मुंग्या

मुंगीचं गणित सोपं आहे. एखादी टेहळणीवर निघालेली मुंगी साखरेपर्यंत पोचते आणि परत जाताना वाटेवर वासाची रेघ ओढत जाते. बाकीच्या त्या रेघेवरून येतात आणि तीच रेघ आणखी गडद करतात. म्हणून रांगेतल्या शंभर मुंग्या मारून काही होत नाही, रेघ तिथेच असते. खंदक लावायच्या आधी खांब आणि आकडा व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं पुसून घ्यावा. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं, तेव्हा दोन दिवस मुंग्या खंदकाच्या काठावर सभा भरवून होत्या.

खंदक नेहमी फीडरच्या वर हवा, आकडा आणि फीडर यांच्या मध्ये. ऐकायला बावळटपणाचं वाटेल, पण मी एका ओळखीच्यांकडे तो फीडरच्या खाली टांगलेला पाहिलाय. पाणी मात्र रोज बघावं लागतं. ऑस्टिनच्या जुलैत, 100 अंश फॅरनहाइटच्या म्हणजे जवळजवळ 38 सेल्सिअसच्या उन्हात, छोटा पेला दीड-दोन दिवसांत कोरडा होतो. आणि पूल! ओकच्या झाडाची एक बारीक डहाळी वाऱ्यानं फीडरला टेकत होती, तेवढ्यावरून सगळी पलटण आत. वाळकं पान पाण्यात पडलं तरी तो पूलच.

टेक्ससमध्ये फायर अँट नावाची तांबडी, चावरी मुंगीही आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतली, 1930 च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरातून आत आली आणि दक्षिणेत सगळीकडे पसरली. पूर आला की या मुंग्या एकमेकींचे पाय धरून तराफा करतात आणि राणीसकट तरंगत जातात. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 2011 मध्ये हा तराफा कसा विणला जातो आणि बुडत का नाही याचा छान उलगडा केला. हे वाचल्यावर माझी झोप उडाली होती, पण असे तराफे सहसा हजारो मुंग्यांचे असतात. पेलाभर पाण्यासाठी आलेल्या वीस-तीस जणींना ते परवडत नसावं. अजून तरी परवडलेलं नाही.

खंदकात साधं पाणी घालायचं. तेल, साबण, मुंग्यांचं औषध यांतलं काहीही नको, कारण त्या इवल्या पेल्यातून चिकडीसारखे छोटे पक्षी पाणी पितात. तारेला व्हॅसलीन किंवा तेल फासायचा सल्ला बरेच जण देतात, आणि त्यानं मुंग्या थांबतातही. पण उन्हात ते वितळतं, ओघळतं आणि पिसांना लागतं. चिकट पीस त्या पक्ष्याला धुऊन काढता येत नाही, आणि ज्याचं सगळं पोट सेकंदाला पन्नास वेळा पंख हलवण्यावर चालतं त्याला ते जीवघेणं ठरू शकतं.

पक्षी मुंग्या बघून मागे का फिरतो, याचं एक उत्तर नाकात आहे. हमिंगबर्डना वास येत नाही असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. 2021 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी दाखवलं की फीडरशी मुंग्यांचे वास लावले, फॉर्मिक आम्ल किंवा अर्जेंटाइन मुंग्यांचं एकमेकींना बोलावणारं रसायन, तर पक्षी तो फीडर टाळतात. मधमाशीच्या वासाचं मात्र त्यांना काही वाटलं नाही. मेलेल्या मुंग्या चमच्यानं काढून तेच पाणी ठेवायचा कंजूषपणा मी हे वाचल्यावर सोडून दिला.

मधमाश्या: सगळा खेळ जिभेच्या लांबीचा

मुंग्यांपेक्षा मधमाश्यांनी मला जास्त दमवलं. त्यांना मारावंसं वाटत नाही, मारूही नये, आणि त्या येतात तेव्हा दोनशेच्या संख्येनं येतात.

मधमाशीची जीभ सहा-सात मिलिमीटरची. हमिंगबर्डची चोचच दीड-दोन सेंटिमीटर आणि जीभ तिच्याही बरीच पुढे येते. जिभेचं टोक दुभंगलेलं असतं आणि कडांना बारीक झालर असते. रसात बुडाली की झालर उलगडते आणि बाहेर येताना रस धरून मिटते. कनेक्टिकट विद्यापीठातल्या अलेहांद्रो रिको-गेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी 2011 मध्ये वेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं. त्याआधी लोकांना वाटायचं की रस जिभेत केशाकर्षणानं चढतो, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसा. आपल्या कामाचं यातलं एवढंच, की साखरपाणी भोकापासून सेंटिमीटरभर खाली असेल तर ते पक्ष्याला मिळतं आणि मधमाशीला नाही. तिथे मारामारीचा प्रश्नच उरत नाही.

म्हणून फीडर घेताना ताटलीसारखा पसरट घ्यावा, ज्यात भोकं वरच्या झाकणाला असतात आणि पाणी खाली राहतं. आणि तो काठोकाठ भरू नये! आपल्याकडे पाहुण्याचं पान भरलेलं दिसावं लागतं, ती सवय इथे सोडावी. मी पहिला महिनाभर तुडुंब भरत होते आणि चांगला फीडर आणूनही माश्या का येतात म्हणून चिडत होते.

उलट्या बाटलीचे फीडर स्वस्त असतात, दिसतातही छान, पण त्यांच्यात एक जन्मजात खोट आहे. पेलाभर पाण्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा करायचा तो शाळेतला प्रयोग आठवा. बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला धरून ठेवतो. बाटलीत तेच होतं, फक्त वर थोडी हवा कोंडलेली असते. ऊन लागलं की ती हवा फुगते आणि पाण्याला खाली ढकलते, भोकांतून थेंब थेंब गळतो. बाटली जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त आणि गळती जास्त. म्हणून सकाळी बरी असलेली बाटली दुपारी दोन वाजता ठिबकायला लागते. मधमाशीला आत जीभ घालायची गरजच नाही, जेवण दारात आलंय. बाटलीच वापरायची असेल तर सावलीत टांगावी आणि पाणी थोडंच करायचं असेल तर लहान बाटली घ्यावी, मोठी अर्धी भरू नये.

रंगाचं वर आलंच. बऱ्याच फीडरवर पिवळी फुलं असतात आणि विनोद म्हणजे मधमाश्यांना अडवायला बसवलेल्या जाळ्याही पुष्कळदा पिवळ्याच असतात. पिवळा रंग मधमाशीला लांबून दिसतो. मी ती फुलं पकडीनं उपटून टाकली. एकाची नुसती लाल रंगानं रंगरंगोटी करून बघितली होती, रंग पावसात उतरला आणि पाण्यात गेला का काय या भीतीनं अख्खा फीडर फेकावा लागला.

साखरेचं प्रमाण एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी. बेत सरबताचा आहे, पाकाचा नाही, आईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "एकतारी करू का?" मधमाश्यांचा हल्ला असेल त्या दिवसांत पाच वाट्या पाणी करावं. पक्षी थोडी कुरकुर करतात, पण पितात. माश्यांना ते फिकं लागतं आणि त्या दुसरीकडे बघायला लागतात. साखर साधी पांढरी. गूळ, ब्राउन शुगर, 'रॉ' साखर नको, त्यांतलं लोह या पक्ष्यांना बाधतं. मध तर मुळीच नको, पातळ केलेला मध लवकर आंबतो आणि त्यात बुरशी माजते. लाल रंगही घालायचा नाही. फीडर लाल आहे, तेवढं पुरे.

एवढं करूनही माश्या आल्याच, तर त्यांच्या डोक्यातला नकाशा बिघडवायचा. चांगलं खाद्य सापडलेली मधमाशी पोळ्यात जाऊन नाचते आणि नाचातून बाकीच्यांना दिशा आणि अंतर सांगते. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली आणि 1973 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे दोनशे जणींकडे एकच पत्ता असतो. फीडर चार-पाच पावलं हलवून उपयोग नाही. घराच्या दुसऱ्या बाजूला न्यावा किंवा एखाद-दोन दिवस काढूनच ठेवावा. जुन्या जागी माश्या हवेत घिरट्या घालतात, तिथे काहीच नाही म्हटल्यावर पांगतात. हमिंगबर्ड मात्र चौकस, पाच-दहा मिनिटांत नवी जागा शोधतो. आमच्याकडे फीडर काढलेला असताना एक जण जुन्या आकड्यासमोर तरंगत थेट स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होता. विचारत होता असं मी म्हणणार नाही, पण मला ओशाळल्यासारखं झालं.

माश्यांसाठी लांब कोपऱ्यात वेगळी, दाट साखरपाण्याची बशी ठेवा, असाही एक सल्ला फिरतो. मी ठेवली. तिसऱ्या दिवशी बशीवर, फीडरवर, कुंडीवर, कपडे वाळत घालायच्या दोरीवर, सगळीकडे मधमाश्या. पत्ता चुकवण्याऐवजी मी वस्तीला जेवणाचं आमंत्रणच दिलं होतं. मधमाश्या पाळणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी तर मला झापलंच. अशा उघड्या बशीवर वेगवेगळ्या पोळ्यांतल्या माश्या एकत्र येतात आणि रोग इकडून तिकडे नेतात.

या माश्या एप्रिलमध्ये का येत नाहीत? एप्रिलमध्ये टेक्ससच्या रस्त्याकडेला रानफुलांचा नुसता पूर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं करपतं, फुलांत मध नसतो, आणि तेव्हा आपला फीडर म्हणजे दुष्काळातलं अन्नछत्र. म्हणजे हा त्रास मुदतीचा आहे. सप्टेंबरचा पाऊस पडला, फुलं आली की निम्म्या माश्या आपोआप जातात.

गांधीलमाश्यांचं ऑगस्टमधलं वागणं

गांधीलमाशी वेगळी. तिच्यात चिडकेपणा आहे आणि ती पक्ष्यावर धावूनही जाते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती तुमच्या फीडरकडे ढुंकून बघत नाही, कारण तेव्हा तिला अळ्या, किडे, मांस हवं असतं, आणि तेही स्वतःसाठी नाही, पोळ्यातल्या पिल्लांसाठी. पिल्लं ते खातात आणि बदल्यात गोडसर लाळेचा थेंब देतात. तोच मोठ्यांचा खुराक. उन्हाळा संपत आला की पोळ्यातली पिल्लं कमी होतात, लाळ बंद, आणि हजारो कामकरी माश्या साखरेसाठी वणवण करत सुटतात. कोकच्या कॅनमध्ये, कचऱ्याच्या डब्यात, फीडरवर. उपाय मधमाशीचेच: गळती बंद, बाहेरून पुसणं, पिवळं नको, पाणी खोल. पोर्चच्या छताला पोळं बांधत असतील तर ते एप्रिलमध्ये सुपारीएवढं असतानाच काढावं. ऑगस्टमध्ये काठी घेऊन जायचं धाडस करू नये.

खंडोबाचा किडा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे मला कोणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. प्रार्थना कीटक, आपल्याकडे ज्याला खंडोबाचा किडा म्हणतात तो, पुढचे दोन पाय जोडून भक्तिभावानं बसलेला असतो. मागच्या सप्टेंबरमध्ये फीडर धुवायला काढताना ताटलीच्या खालच्या बाजूला एक तसा उलटा लटकलेला दिसला. हिरवा, माझ्या करंगळीएवढा, मान वळवून माझ्याकडे बघत. माश्या खायला आला असेल, असू दे, असं मला वाटलं.

तो पक्ष्यासाठी बसला असण्याचीही शक्यता होती. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रार्थना कीटकांनी पक्षी पकडल्याच्या 147 नोंदी 13 देशांतून गोळा केल्या होत्या. सत्तर टक्क्यांहून जास्त अमेरिकेतल्या आणि बळी बहुतेक हमिंगबर्ड, त्यातही सगळ्यात जास्त रूबी-थ्रोटेड. पुष्कळ घटना फीडरवरच घडलेल्या. कारण साधं आहे. पक्षी पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो आणि चोच घालताना क्षणभर स्थिर होतो. दबा धरून बसणाऱ्याला आणखी काय हवं? यातला सगळ्यात दांडगा चिनी मँटिस, चांगला चार इंच वाढणारा. तो 1896 च्या सुमाराला फिलाडेल्फियाजवळ या देशात आला.

मारायचं काही कारण नाही. एका काठीवर घेऊन मी त्याला कुंपणापलीकडच्या मिरच्यांच्या वाफ्यावर सोडलं, तिथे त्याला मावा आणि अळ्यांची ददात नव्हती. दोन दिवसांनी फीडरखाली पुन्हा तोच, किंवा त्याचा भाऊ. आता रोज सकाळी पाणी बघताना ताटलीच्या खाली बोट न घालता आधी वाकून बघते. फीडर दाट झुडपात न टांगता मोकळ्यावर टांगायचं हेही एक कारण. दुसरं कारण मांजर. त्याबद्दल जास्त बोलत नाही, शेजाऱ्यांचं आहे.

रात्रीचे चोर

एके सकाळी फीडर जमिनीवर, झाकण वेगळं, ताटली लख्ख चाटलेली. हा रकून. त्याचे हात माणसासारखे चालतात, फिरकीचं झाकण त्याला काही विशेष वाटत नाही. यावर एकच खात्रीचा उपाय: अंधार पडला की फीडर घरात आणायचा आणि उजाडायच्या आत परत टांगायचा. 'उजाडायच्या आत' हे महत्त्वाचं आहे. हमिंगबर्ड थंड रात्री किंवा उपाशी असताना स्वतःला जवळजवळ बंद करून ठेवतो, शरीराचं तापमान आणि हृदयाचे ठोके एकदम खाली आणतो आणि पहाटे भुकेनं कासावीस होऊन जागा होतो. त्याला पहिला घोट वेळेवर मिळाला पाहिजे. कोलोरॅडोसारख्या डोंगराळ राज्यांत चोर आणखी मोठा, अस्वल. तिथलं वन्यजीव खातं अस्वलांच्या हंगामात फीडर लावूच नका म्हणून सांगतं आणि ते ऐकावं. माणसाच्या दाराशी जेवायची सवय लागलेल्या अस्वलाला शेवटी गोळी घालावी लागते.

दक्षिण ॲरिझोनात गंमत वेगळी. तिथे उन्हाळ्याच्या शेवटी रात्रीतून फीडर कोरडे होतात आणि ते काम वटवाघळांचं असतं. लांब नाकाची, निवडुंग आणि घायपाताच्या फुलांतला मध पिणारी वटवाघळं. त्यातलं लेसर लाँग-नोज्ड हे वटवाघूळ 2018 मध्ये अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून संख्या सावरल्यामुळे काढलं गेलं, तो मान मिळालेलं ते पहिलं वटवाघूळ. तिकडचे लोक म्हणून रात्री फीडर मुद्दाम बाहेर ठेवतात आणि अंधारात खुर्च्या टाकून बसतात. ऑस्टिनच्या काँग्रेस ॲव्हेन्यू पुलाखालच्या लाखो वटवाघळांवर मात्र कोणी आळ घेऊ नये. ती किडे खाणारी आहेत, साखरेत त्यांना रस नाही.

न दिसणारे

चिलटं फीडरभोवती घोंघावू लागली की समजावं, पाणी आंबलंय. चिलटांचा तसा त्रास नाही, हमिंगबर्ड ती खातातच, त्यांना प्रथिनं किड्यांतूनच मिळतात. पण चिलटं म्हणजे निरोप. पाणी गढूळ, कडेला तार सुटलेली, भोकांत काळे ठिपके. हवा 90 फॅरनहाइटच्या, म्हणजे 32 सेल्सिअसच्या वर असेल तर दोन दिवसांनी पाणी टाकून द्यावं, भलेही निम्मं उरलेलं असो. वसंतात चार-पाच दिवस चालतं. धुवायला गरम पाणी, थोडं व्हिनेगर आणि बाळाच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश. भोकांसाठी जुना टूथब्रश. मग भरपूर खळबळून घ्यावं.

किंचित आंबलेलं पाणी पक्ष्याला झिंग आणतं का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट डडली यांनी आपल्या खिडकीबाहेरच्या फीडरवरच हे तपासलं आणि 2023 मध्ये प्रसिद्ध केलं. साखरपाण्यात एक टक्क्यापर्यंत अल्कोहोल असेल तर पक्षी नेहमीसारखे प्यायले, दोन टक्के केल्यावर निम्म्यावर आले. म्हणजे त्यांना कळतं, आणि ते मर्यादा पाळतात. धोका अल्कोहोलपेक्षा बुरशीचा आणि जंतूंचा आहे.

एक उपद्रवी राहिलाच, खुद्द हमिंगबर्ड. एखादा नर पेकानच्या फांदीवर बसून फीडरला आपली जहागीर समजतो आणि दुसऱ्या कोणाला फिरकू देत नाही. त्याच्यावर औषध नाही. घराच्या दोन बाजूंना, एकमेकांना दिसणार नाहीत असे दोन फीडर टांगावेत. दोन्हीकडे पहारा देणं त्यालाही जमत नाही, आणि तो इकडे दादागिरी करत असतो तोवर तिकडे चार माद्या पोटभर पिऊन जातात.

फीडर किती दिवस ठेवायचा, हे आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारते. आयतं खायला मिळालं तर ते परत जाणार नाहीत, अशी तिची काळजी. जातात. त्यांना निघायची वेळ दिवसाची लांबी कमी होण्यावरून कळते, साखरेवरून नाही. शेवटचा पक्षी दिसल्यानंतर मी आणखी दोन आठवडे फीडर ठेवते, उत्तरेकडून उशिरा निघालेला एखादा थकलेला येतो त्याच्यासाठी. मग फीडर धुऊन कपाटात जातो, पण आईनं केलेलं ते झाकण आकड्यावर तसंच राहतं. त्यात पाणी घालायची आता सवयच लागली आहे. मुंग्या नाहीत, हमिंगबर्ड नाहीत, आणि सकाळी साडेसातला एक चिकडी त्याच्या काठावर बसून, मान वर करून करून पाणी पीत असते.